बेटावरचं आजारपण आणि विम्याचा इतिहास



आजचा विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा काहींना तो जरा चमत्कारिक वाटला असणार. विंचूरला समुद्र नाही, बंदर नाही, बेट तर नाहीच. मग बेटावरच्या सहली, तिथलं आजारपण आणि त्याचा विमा या गोष्टी इथं बोलायचं कारण काय? कारण तुमच्या बाजारातच आहे. विंचूर हा लासलगाव बाजार समितीचा उपबाजार. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली आणि पुढं एप्रिल २०२४ मध्ये सहा देशांसाठी मिळून ९९,१५० टन कांदा पाठवायला परवानगी दिली. ते सहा देश कोणते? बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका. यातले शेवटचे तीन बेटं आहेत. म्हणजे विंचूरचा माणूस बेटावर जायच्या आधी विंचूरचा कांदा तिथं पोचलेला आहे. आणि तो कांदा न्हावा-शेव्याहून निघतो तेव्हा निर्यातदार बहुधा त्या मालाचा सागरी विमा उतरवतो. कांदा सडला, बुडाला, तर कुणी किती द्यायचं हे आधीच कागदावर ठरलेलं असतं.

आता तोच शेतकरी, मुलानं तिकीट काढून दिलं म्हणून, बायकोला घेऊन अंदमानला किंवा श्रीलंकेला निघाला तर त्याच्याजवळ काय असतं? गोळ्यांची पिशवी, मोबाइल आणि देवावर भरवसा. मालाला विमा आहे आणि माणसाला नाही, ही गोष्ट आजची नव्हे. तिला फार जुना इतिहास आहे. तो आज आपण थोडा उलगडून बघू.

आधी शब्द बघा. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे शब्दापासून सुरुवात करायची खोड जात नाही. ‘विमा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याच्या मुळाशी ‘बीम’ आहे, आणि बीम म्हणजे भीती. हप्ता हाही फारसीच, सात दिवसांचा आठवडा. म्हणजे विम्याचा हप्ता याचा शब्दशः अर्थ भीतीचा आठवडा असा निघेल. गंमत सोडा, पण आशय खरा आहे. माणसाला भीती एकदम वाटते, ती फेडता मात्र थोडी थोडी येते. आणि एकट्यानं फेडण्यापेक्षा चारचौघांनी वाटून घेतली तर ती हलकी होते. विमा म्हणजे भीतीची वाटणी, ही व्याख्या आज आम्हाला पुरेशी वाटते.

ही वाटणी आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कर्जाच्या व्याजाचे दर दिलेले आहेत. साध्या कर्जाला शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण, व्यापाऱ्याला पाच, अरण्यातून माल नेणाऱ्याला दहा आणि समुद्रावरून जाणाऱ्याला वीस. याज्ञवल्क्य स्मृतीतही अरण्याला दहा आणि समुद्राला वीस असाच हिशेब आहे. बघा, साध्या कर्जाच्या सोळा पट व्याज समुद्राला! सावकार लोभी होता म्हणून हा दर नव्हता. गेलेला माणूस आणि गेलेला माल परत येईलच असं नाही, ही जोखीम त्या व्याजात धरलेली होती. पुढच्या काळात आपल्या सराफ-व्यापाऱ्यांमध्ये ‘जोखमी हुंडी’ चालायची. माल सुखरूप पोचला तरच हुंडीचे पैसे द्यायचे, वाटेत बुडाला तर हुंडी बुडाली. एकाच कागदात कर्जही आलं आणि विमाही आला.

पण या सगळ्या हिशेबात एक गोष्ट ध्यानात घ्या. किंमत धरली आहे ती मालाची. तो घेऊन जाणारा तांडेल, खलाशी, मुनीम वाटेत तापानं फणफणला तर त्याचं काय, याबद्दल हुंडी मुकी आहे.

मग माणसाची काळजी कुणी घ्यायचं? राजानं. आता विंचूरचंच नाव घेऊ. सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर पानिपतावर होते आणि १७६१ च्या त्या संहारातून ते परत आले. हजारो आले नाहीत. मराठी राज्यात लढाईत पडलेल्यांच्या मुलाबाळांसाठी ‘बालपरवेशी’ नावाची नेमणूक असे. कर्ता पुरुष सरकारकामी गेला, तर मागच्यांच्या पोटापाण्याची काही सोय सरकारनं लावून द्यायची. व्यवस्था चांगलीच होती. पण ती मिळायची धन्याच्या मर्जीनं. ज्याचा अर्ज दरबारात पोचला त्याला मिळालं, ज्याचा पोचला नाही तो राहिला. इथं आपण एक भेद करून ठेवू, कारण पुढचं सारं व्याख्यान त्यावर उभं आहे. मदत वेगळी आणि हक्क वेगळा. मदतीत देणारा मोठा असतो. हक्कात दोघं समोरासमोर बसलेले असतात.

बेटावरच्या औषधपाण्याचा हक्क मराठी माणसाच्या वाट्याला पहिल्यांदा कागदावर आला तो सहलीत नव्हे, मजुरीत. मॉरिशसमध्ये १८३४ पासून हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर जाऊ लागले. पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसं त्या बेटावर उतरली. त्यात मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले, घाटावरचेही होते. आज तिथं मराठी समाज आहे, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, हे तुम्ही ऐकलं असेल. या मजुरांच्या करारात पगार, शिधा, कपडा यांच्याबरोबर आजारपणात औषधोपचार हेही एक कलम असे. सुरुवातीच्या काळात परतीचा प्रवास फुकट देण्याचंही वचन होतं. म्हणजे आज ज्याला आपण ट्रॅव्हल पॉलिसी म्हणतो तिची दोन मोठी कलमं, उपचार आणि घरवापसी, त्या अंगठा उठवलेल्या कागदावर होती.

कागदावर होती. प्रत्यक्षात काय झालं? परतीच्या प्रवासाचं वचन काही वर्षांतच काढून घेतलं गेलं. मळ्यावर ‘डबल कट’ची पद्धत होती. मजूर विनापरवानगी एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापायची. आता सांगा, अंगात ताप असलेला माणूस आजारी आहे की कामचुकार, हे ठरवणार कोण? मळेवाल्याच्या पदरचा माणूस. जो पैसे देणार, त्यानंच ठरवायचं की पैसे लागू होतात की नाही. हा पेच तुम्ही ध्यानात ठेवा. तो आजही सुटलेला नाही.

याहून भीषण गोष्ट १८५६ ची. कलकत्त्याहून मजूर घेऊन आलेल्या दोन जहाजांवर पटकी असल्याच्या धास्तीनं त्या माणसांना मॉरिशसच्या उत्तरेला गॅब्रिएल नावाच्या छोट्या बेटावर उतरवलं. निवारा नाही, पुरेसं अन्नपाणी नाही, औषधाची धड सोय नाही. दोनशेहून अधिक माणसं तिथं मेली. या प्रकरणानंतर हिंदुस्थान सरकारनं मॉरिशसला मजूर पाठवणं काही काळ थांबवलं. बेटाचा धर्म यातून कळतो. जमिनीवर माणूस आजारी पडला तर बैलगाडीत घालून शेजारच्या गावी नेता येतो. बेटावर शेजारचं गाव नसतं. तिथं आजारापेक्षा अंतर माणसाला मारतं.

आता जरा विलायतेकडे वळू, कारण प्रवाशाचा विमा ही कल्पना तिथं आगगाडीबरोबर आली. १८४८ मध्ये लंडनला रेल्वे पॅसेंजर्स ॲश्युरन्स कंपनी निघाली. तिकिटाबरोबर खिडकीवरच विम्याची चिठ्ठी मिळे. पहिल्या वर्गाला तीन पेन्स, मृत्यू आल्यास हजार पौंड. दुसऱ्या वर्गाला दोन पेन्स, पाचशे पौंड. तिसऱ्याला एक पेनी, दोनशे पौंड. म्हणजे पहिल्या वर्गातल्या जिवाची किंमत तिसऱ्या वर्गातल्या जिवाच्या पाचपट! आणि आणखी गंमत बघा. हप्ता तिप्पट, पण भरपाई पाचपट. गरिबाला भीतीसुद्धा महाग पडली.

आपल्याकडे तर आणखी एक भिंत होती. इंग्रज कंपन्या हिंदी माणसाचं आयुष्य कमी प्रतीचं धरून जादा हप्ता घेत. १८७० मध्ये मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल सोसायटीनं हिंदी माणसाचा विमा नेहमीच्या दरानं उतरवायला सुरुवात केली. हे एका कंपनीचं धंद्याचं धोरण होतं खरं, पण आम्ही त्याला समतेच्या इतिहासातलं एक पाऊल मानतो. पुढं १९१३ मध्ये साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. आणि १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. २४५ कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. इतर विम्याचं राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये आलं. मेडिक्लेम ही पॉलिसी आपल्या देशात १९८६ ची. म्हणजे या सभागृहात बसलेल्या बऱ्याच जणांपेक्षा ती वयानं लहान आहे.

आता पुन्हा पाण्याकडे. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाभरसुद्धा उरला नव्हता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. सणावाराला गावी निघालेले कामगार, कोळी, लहान मुलं. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे बोट बुडाल्याचं मुंबईला कळायलाच तासन्‌तास गेले. पोहून काठाला लागलेल्यांनी बातमी आणली. चौकशी झाली, नियम बदलले. पण ज्यांची माणसं गेली त्यांच्या हातात काय होतं? एक तिकीट, तेही बुडालेलं.

सत्त्याहत्तर वर्षांनी, १८ डिसेंबर २०२४ ला, त्याच मुंबई बंदरात गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची चाचणी चालू असलेली स्पीडबोट आदळली. बोटीवर शंभरहून अधिक माणसं होती. पंधरा जणांचा जीव गेला. घारापुरी म्हणजे आपल्या राज्यातली सगळ्यात सोपी बेटाची सहल. सकाळी जायचं, लेणी बघायची, संध्याकाळी परत. कुणाच्या मनातही विमा येत नाही. राज्य सरकारनं मृतांच्या वारसांना पाच लाख, पंतप्रधान निधीतून दोन लाख जाहीर झाले. जाहीर झालं ते चांगलंच झालं, आम्ही त्याला नावं ठेवत नाही. पण आपण केलेला भेद आठवा. ही मदत आहे. म्हणजे आधुनिक बालपरवेशी. अपघात मोठा झाला, वर्तमानपत्रात आला, म्हणून ती मिळाली. त्याच बोटीवर एखाद्या आजोबांना एकट्यालाच छातीत कळ आली असती, तर कुठला निधी जाहीर झाला असता? आणि घारापुरीला वीजसुद्धा समुद्राखालून केबल टाकून २०१८ मध्ये पोचली, हे लक्षात घ्या.

इथं मुद्दा असा, की सहलीत माणसं अपघातापेक्षा आजारानं जास्त सापडतात, आणि आजार बातमीत येत नाही.

अंदमानचं बघा. नाशिक जिल्ह्यातल्या भगूरचे सावरकर १९११ मध्ये तिथं नेले गेले. तेव्हा ते काळं पाणी होतं, जाणाऱ्याला निरोप अखेरचाच दिला जाई. आज आपल्याकडून सहलींच्या गाड्या भरून माणसं सेल्युलर जेल बघायला जातात, आणि त्यात साठी-सत्तरीचे लोक पुष्कळ असतात. जेल बघून झालं की हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेमुळे हॅवलॉक आणि नील या बेटांवर शेकडो पर्यटक अडकले आणि नौदलाची जहाजं पाठवून त्यांना बाहेर काढावं लागलं. हवा खराब झाली की बोट नाही, हेलिकॉप्टर नाही. अशा वेळी हृदयविकाराचा झटका आला तर आधी पोर्ट ब्लेअर गाठायचं, आणि तिथंही भागलं नाही तर हजार किलोमीटरहून अधिक समुद्र ओलांडून चेन्नई.

म्हणून बेटावरच्या विम्यात तीन वेगळी कलमं असतात, ती वेगवेगळी वाचा. एक, दवाखान्याचा खर्च. दोन, रुग्णाला बेटावरून मोठ्या इस्पितळात हलवण्याचा खर्च. तीन, वाईट घडलंच तर देह घरी आणण्याचा खर्च. आपल्याकडचा नेहमीचा मेडिक्लेम देशात कुठंही चालतो, त्यामुळे अंदमान, लक्षद्वीपला पहिलं कलम बहुधा भागतं. दुसऱ्याचं तसं नाही. बहुतेक पॉलिसींत रुग्णवाहिकेच्या खर्चाला छोटी मर्यादा असते, आणि विमानाची रुग्णवाहिका हा लाखांचा मामला आहे. परदेशी बेटांवर, श्रीलंका असो, मालदीव असो की बाली, इथला मेडिक्लेम सहसा उपयोगी पडत नाही; तिथं प्रवासाची वेगळी पॉलिसी लागते. ग्रीसच्या बेटांवर जायचं तर शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण सक्तीचंच आहे. आणि पाण्याखाली उतरायचं असेल, मालवणला असो की अंदमानला, तर स्कूबासारखे साहसी खेळ पॉलिसीत धरलेत की वगळलेत, ते आधी विचारा. पुष्कळदा वगळलेले असतात.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. तो पैशाचा नाही, खरं बोलण्याचा आहे. आणि त्याचं मूळही एका बेटावरच सापडतं.

सुमात्रा बेटावर ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला होता. त्याचा गव्हर्नर होता जॉर्ज कार्टर. किल्ला शत्रूनं घेतला तर भरपाई मिळावी म्हणून त्यानं लंडनमध्ये भावाकरवी विमा उतरवला. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमेकरी बोहम म्हणाला, किल्ला कमकुवत होता हे तू लपवलंस, पैसे मिळणार नाहीत. १७६६ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निकाल दिला. त्यांनी तत्त्व सांगितलं की विमा हा परम सद्भावाचा करार आहे, माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट लपवता येत नाही. हे तत्त्व आजही कंपन्या आपल्याला सुनावतात. पण निकाल कुणाच्या बाजूनं लागला? कार्टरच्या! कारण न्यायमूर्तींनी पुढं असंही म्हटलं की सद्भाव दोन्ही बाजूंना लागू आहे. विमेकऱ्याला जे ठाऊक होतं, किंवा जे त्यानं सहज जाणून घ्यायला हवं होतं, ते सांगितलं नाही म्हणून तो नंतर हात वर करू शकत नाही. तत्त्वाचा पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ आहे, दुसरा अर्धा सोयीनं विसरला जातो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ६ डिसेंबर २०२१ ला हा दुसरा अर्धा भाग जागा केला. एक भारतीय गृहस्थ २००९ मध्ये परदेशप्रवासाचा मेडिक्लेम घेऊन अमेरिकेला लग्नाला गेले. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट घालावे लागले. मधुमेह असल्याचं त्यांनी आधीच सांगितलं होतं. कंपनीनं दावा नाकारला, कारण कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असल्याचं सांगितलं नव्हतं आणि आजार आधीपासूनचा होता. न्यायालयाचं म्हणणं असं पडलं, की प्रकृतीची माहिती घेऊन, ती तोलून एकदा पॉलिसी दिली, की त्याच सांगितलेल्या आजारावर बोट ठेवून नंतर दावा नाकारता येत नाही. हा न्याय मिळायला बारा वर्षं लागली, हेही लक्षात असू द्या. पण मळेवाल्यानंच आजारी माणूस ठरवायचा, या जुन्या पेचावर या निकालानं थोडी गाठ सोडवली.

या निकालातून आपल्यासाठी निघतं ते असं. ते गृहस्थ जिंकले, कारण त्यांनी मधुमेह सांगितला होता. न सांगणाऱ्याच्या पाठीशी न्यायालय उभं राहीलच असं नाही. २००९ मध्ये याच न्यायालयानं आजार लपवल्याच्या कारणावरून मेडिक्लेम नाकारणं योग्य ठरवलेलं आहे. आता आपल्या घरात काय होतं? सहल मुलगा किंवा सून ठरवते. मोबाइलवर तिकीट काढताना विम्याचा चौकोन येतो. ‘मधुमेह? रक्तदाब?’ आईवडिलांना विचारायला वेळ नसतो, हप्ता वाढेल अशी भीती असते, म्हणून ‘नाही’वर बोट पडतं. कधी वडीलच लपवतात. पोरं नेणार नाहीत, म्हणतील घरी बसा, म्हणून साखरेचा आकडा सांगत नाहीत. लपवण्याचं कारण प्रेमच असतं, पण दावा कागदावर चालतो, प्रेमावर नाही. हॅवलॉकच्या दवाखान्यात पहिल्या तासाला डॉक्टर विचारणार, ‘गोळ्या कुठल्या चालू आहेत?’ तिथं खरं सांगावंच लागतं, आणि तिथलं खरं आणि अर्जातलं खोटं यांची गाठ पडते.

शेवटी दोन छोटी उदाहरणं, आशेची. सप्टेंबर २०१६ पासून रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटाबरोबर प्रवासी विमा मिळतो. आज हप्ता ४५ पैसे. अपघाती मृत्यूला दहा लाख, इस्पितळाच्या खर्चाला दोन लाखांपर्यंत, देह नेण्यासाठी दहा हजार. आणि एसीत बसा की साध्या डब्यात, रक्कम तीच. १८४८ च्या लंडनमधली ती पाचपट इथं मोडली. दुसरं, २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आषाढी वारीसाठी वारकरी विमा छत्र योजना आणली. मृत्यूला पाच लाख, औषधोपचाराला ३५ हजारांपर्यंत, तीस दिवसांच्या वारीसाठी. ज्या प्रवासाला आपण शतकानुशतकं ‘विठ्ठल बघेल’ म्हणून निघालो, त्यालाही आता कागद जोडला गेला. यात श्रद्धा कमी झाली असं आम्हाला वाटत नाही. वारीत दिंडी असते ती कशासाठी? एकाचा पाय मुरगळला तर चौघांनी त्याला धरावं म्हणून. विमा म्हणजे न दिसणारी दिंडी आहे. फक्त तिच्यात सामील होताना आपलं नाव आणि आपली दुखणी खरी सांगावी लागतात.

तेव्हा बेटावर जरूर जा. सेल्युलर जेल बघा, मॉरिशसला आपली माणसं भेटवून घ्या. जायच्या आधी मुलाला शेजारी बसवा, गोळ्यांची पिशवी उघडा आणि अर्जात एकेक नाव लिहायला लावा. मग त्याला विचारा, ‘या बेटावरून मला बाहेर कोण काढणार, आणि पैसे कोण देणार?’ उत्तर लेखी मिळालं की बॅग भरा.

वेळ झाली आहे.  आता प्रश्न विचारा.